सभेच्या आधी झाडाखाली

पत्र, थोडक्यात :

खान्देशातल्या एका शहरातले निवृत्त विज्ञान शिक्षक लिहितात. आयुष्यभर पोरांना पान, खोड, मूळ शिकवलं, शाळेच्या आवारात झाडं लावली, म्हणून वर्षभरापूर्वी शहराच्या वृक्ष प्राधिकरणावर त्यांना बाहेरचे जाणकार सदस्य म्हणून घेतलं. घरच्यांना अभिमान वाटला. पहिल्या तीन सभा ओळखीपाळखीत आणि चहा-कचोरीत गेल्या. चौथ्या सभेत 34 प्रस्ताव होते आणि तासाभरात सगळे मंजूर झाले. त्यातला एक जुन्या कॉलनीतल्या निंबाचा होता. अहवालात दोनच शब्द : ‘वाळलेले, धोकादायक’. इतरांबरोबर सरांनीही सही केली. कार्तिकात निंब पाडला. दोन दिवसांनी सर तिकडून जात होते, तर बुंध्याचा काप तांबडा, भरीव, कुठे किडीचं भोक नाही. ज्या आजींच्या ओट्यावर त्याची सावली पडायची त्या म्हणाल्या, “मास्तर, त्या कागदवर तुमनी बी सही शे ना?” तेव्हापासून सरांनी तो रस्ताच सोडला आहे.

आता मार्चच्या सभेत शाळेपासून बसस्थानकापर्यंतच्या रस्त्याचं रुंदीकरण येणार आहे. एकूण 19 झाडं : 12 निंब, 5 रेन ट्री, 2 चिंचा. काम पाहणारा अभियंता सरांचाच विद्यार्थी. तो म्हणतो, “सर, एकाला दहा लावू, तुम्ही फक्त अडवू नका.” शहरातली झाडांसाठी धडपडणारी तरुण मुलं म्हणतात, राजीनामा देऊन बाहेर या. पत्नी म्हणते, या वयात वैर कशाला. सरांचा प्रश्न असा : “सही करू, विरोध करू की राजीनामा देऊ? माझ्या एका मतानं तसाही काय फरक पडणार?”

*

सर, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या तांबड्या बुंध्यापाशी थांबले. तुम्ही तीन वाटा लिहिल्या आहेत. तिन्ही सभेच्या खोलीतल्या आहेत. पण त्या निंबाचं भवितव्य सभेत ठरलंच नव्हतं, सर. कुणीतरी त्याच्याखाली उभं राहून, किंवा उभंही न राहता, ‘वाळलेले, धोकादायक’ असं लिहिलं, तेव्हाच ते ठरलं. सभेत तुमच्यापुढे आलं ते झाड नव्हतं, त्याच्याबद्दलचे दोन शब्द होते. ‘वाळलेलं धोकादायक झाड पाडावं का?’ असं विचारल्यावर तुम्हीच काय, मीसुद्धा हो म्हटलं असतं.

म्हणून मतानं फरक पडतो का, हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते. त्याआधीचा प्रश्न आहे : तुमच्यापुढे येणारा कागद खरा आहे का? तो खरा करून घेणं हे एका सदस्याला जमण्यासारखं काम आहे. त्याला बहुमत लागत नाही.

तुम्हाला माहीत असलेली गोष्टही इथे मांडते, कारण हे सदर वाचणाऱ्या अनेकांच्या दारातल्या झाडावर उद्या अशीच नोटीस लागेल. आपल्या राज्यात शहरांतल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. त्याखाली प्रत्येक महापालिकेत आणि नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण असतं, महापालिकेत आयुक्त त्याचे अध्यक्ष. झाड पाडायचं तर अर्ज करावा लागतो, मग तो घरमालकाचा असो, बिल्डरचा असो की पालिकेच्याच बांधकाम विभागाचा. वृक्ष अधिकारी पाहणी करतो. वर्तमानपत्रात आणि झाडावर जाहीर नोटीस लागते, लोकांच्या हरकती घेतल्या जातात आणि मग प्रस्ताव सभेपुढे येतो. परवानगी मिळाली तरी लगेच करवत लावायची नाही, 15 दिवस थांबायचं, म्हणजे ज्याला दाद मागायची त्याला मागता यावी. ते थांबणं किती मोलाचं असतं ते 2019 मध्ये मुंबईच्या आरेत, मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडली तेव्हा, दिसलं. उच्च न्यायालयानं 4 ऑक्टोबरला याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयानं 7 तारखेला ती थांबवली, तोवर 2,141 झाडं आडवी झाली होती.

एवढ्या पायऱ्या असूनही सगळं वजन एकाच पायरीवर येतं, पाहणीवर. पुढच्या सगळ्यांचं बोट त्या अहवालाकडे. ‘मेलेलं’, ‘रोगट’, ‘धोकादायक’, ‘रहदारीला अडथळा’ यातला एक शब्द कागदावर आला की पुढे कुणी वाद घालत नाही. आणि पाहणी करणाऱ्या माणसाकडे एका दिवसात वीस-पंचवीस ठिकाणं असतात, हेही खरं. मी त्याला खलनायक करणार नाही. त्याच्या त्या दोन शब्दांचा विस्तार मागायचा, इतकंच.

‘वाळलेले’ हा शब्द निंबाच्या बाबतीत फार जपून वापरायला हवा. माघ-फाल्गुनात निंब पानं टाकतो आणि चैत्राच्या आसपास तांबूस पालवी धरतो, हे तुम्ही वर्गात शिकवलं असेल. तुमची सभा मार्चमध्ये आहे. त्या 12 निंबांचे फोटो आत्ता काढले असतील तर बाराही झाडं उघडीबोडकी दिसतील. दुसरं, गेल्या काही वर्षांत निंबाच्या शेंड्यांना बुरशीची मर लागते आहे. पावसाळा सरता सरता आणि हिवाळ्यात झाड भाजल्यासारखं तपकिरी होतं. 2021 मध्ये तेलंगणात तर लोक घाबरून गेले होते, निंब संपले म्हणून. त्यातली पुष्कळ झाडं पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा फुटली. तुमच्या आजींचा निंब आश्विनात असाच तपकिरी दिसत असणार, अशी मला दाट शंका आहे. चार वेगवेगळ्या फांद्यांची कोवळी साल नखानं खरवडून पाहिली असती तर कळलं असतं. खाली हिरवट ओल दिसली की झाड जिवंत.

‘धोकादायक’ तर आणखी निसरडा शब्द. धोका कुणाला? नेमका झाडाच्या कुठल्या भागापासून? वृक्षतज्ज्ञ तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारतात : तुटण्याची शक्यता किती, तुटलं तर खाली कोण सापडेल, आणि सापडलं तर नुकसान केवढं. रस्त्यावर ओणवलेली एक वाळकी फांदी धोक्याची असेल तर फांदी काढायची, झाड नाही. खाली टपरी आहे म्हणून धोका असेल तर टपरी चार हात सरकवता येते का ते आधी पाहायचं. कलतं झाडही नेहमी पडतं असं नाही. जुना कल असेल तर शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला असतो, झाडानं तोल सावरलेला असतो. पण कल नवा असेल, कलाच्या उलट बाजूला जमिनीला भेग पडली असेल, माती उचलली गेली असेल, तर मात्र रात्र होण्याआधी दोर बांधून रस्ता बंद करावा. पोकळ बुंध्याचंही तसंच. पोकळ म्हणजे कमकुवत हे आपण गृहीत धरतो. बाहेरची भरीव कड त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्शाहून जाड असेल तर झाड तग धरतं, असा एक ढोबळ आडाखा वापरतात. कपडे धुवायच्या मोगरीनं बुंधा चहूबाजूंनी ठोकून पाहा, आवाज कुठे बदलतो ते कानाला कळतं. शंका राहिली तर यंत्रानं तपासणारी माणसं बोलवावीत, असा शेरा तुम्ही लिहू शकता.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई प्रत्येक झाड वाचवायला निघाली आहे. तसं नाही. माझं माहेर चोपडा तालुक्यातलं. आमच्या घरामागे मोठी चिंच होती, पणजोबांनी लावलेली. बुंध्याशी दर पावसाळ्यात कानासारख्या अळंब्या उगवायच्या. आम्ही पोरी त्या तोडून खेळायचो. शेजारच्या काकांनी दोनदा सांगितलं, हिचं मूळ आतून कुजलंय, उतरवून घ्या. वडिलांनी ऐकलं नाही. म्हणायचे, म्हाताऱ्याची आठवण आहे. एका ज्येष्ठात, केळीच्या बागा झोपवतं तसल्या वादळात, चिंच मुळासकट गोठ्यावर आली. एक बैल जागीच गेला. आमच्या सालदाराच्या पायावर आडं पडलं आणि तो पुढे कायम लंगडत राहिला. वडील मरेपर्यंत त्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाहीत. म्हणून सांगते, झाडावर प्रेम करणाऱ्यानं नेहमी नाहीच म्हणायचं असतं, हा समज सोडून द्या. बुंध्याशी अळंबी असेल आणि खाली शाळेची पोरं उभी राहत असतील, तर सगळ्यात आधी होकार तुमचा असला पाहिजे.

आता त्या 19 झाडांकडे येऊ.

पहिली गोष्ट, हा एक प्रस्ताव नाही. हे 19 प्रस्ताव आहेत आणि ते एका ओळीत बांधून आणले की माणूस ‘विकास हवा की झाडं’ या प्रश्नात अडकतो. अभियंत्याकडून रस्त्याचा असा नकाशा मागा ज्यावर प्रत्येक झाड ठिपक्यानं दाखवलंय आणि त्याला नंबर आहे. मग पाहा : किती झाडं खरोखर डांबराच्या पट्ट्यात येतात, किती फक्त नव्या गटाराच्या रेषेत येतात आणि किती नुसतीच मोजणीत आली. माझा अंदाज आहे की या तीन ढिगांत झाडं बरीच विखुरतील. गटाराची रेषा एखाद्या मीटरनं सरकते. दोन झाडांच्या मधल्या जागेत दुचाकी लावायची सोय होते. फूटपाथ झाडाला वळसा घालतो. विजेचा खांब हलतो, तारा जमिनीखाली जातात. हे सगळं निविदा निघायच्या आधी फार सोपं असतं, निघाल्यावर फार अवघड. तुमचा विद्यार्थी आत्ता तुमच्याशी बोलतोय, म्हणजे वेळ अजून गेलेली नाही.

मग एक दिवस सकाळी सहाला, उन्हं चढायच्या आत, त्या रस्त्यानं चाला. वही, मोजपट्टी आणि मोबाइल घ्या. प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजा, चार बाजूंनी फोटो काढा, बुंध्याशी काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घट्ट बसवलेत का ते लिहा. दिल्लीत 2013 मध्येच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपल्याकडे अजूनही झाडाच्या गळ्यापर्यंत ब्लॉक बसवतात आणि मग दहा वर्षांनी म्हणतात, झाड कमजोर झालं. ढोल्यांकडेही नजर टाका. या दिवसांत पोपट आणि तांबट ढोलीत घरटी करतात, आणि वन्यजीव कायद्यानं पक्ष्यांच्या घरट्यांना आणि अंड्यांनाही संरक्षण दिलं आहे. 2022 मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये महामार्गासाठी चिंच पाडली तेव्हा तीवरच्या बगळे-पाणकावळ्यांची पिल्लं मेली आणि गुन्हा दाखल झाला. तुमच्या दोन चिंचांवर पावसाळ्यात बगळे बसत असतील, तर पाडायचीच वेळ आली तरी कुठल्या महिन्यात पाडायची नाही, हे ठरावात लिहायला लावा.

घेरावरून आठवलं, झाडाचं वय हा या कागदातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे आणि सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडे जातं. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड पुरातन वृक्ष, म्हणजे हेरिटेज धरलं जातं. पाडलेल्या झाडाच्या बदल्यात किती लावायची तेही त्याच्या वयावर ठरतं, जेवढी वर्षं तेवढी रोपं. म्हणजे अहवालात 55 ऐवजी 30 लिहिलं की पुरातन वृक्षाचं कवचही गेलं आणि 25 रोपंही गेली. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं एका झाडाची किंमत वर्षाला 74,500 रुपये धरावी असं सुचवलं होतं. त्या हिशेबानं 40 वर्षांचा निंब 29 लाख 80 हजारांचा होतो. तो कायदा नाही, सूचना आहे, पण सभेत आकडा म्हणून ठेवायला हरकत नाही. वय ठरवायला जुने पुरावे शोधा. शाळेचे गॅदरिंगचे फोटो, कॉलनीचा ले-आउट मंजूर झाल्याचं वर्ष, पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आठवणी. कायद्यानं दर पाच वर्षांनी झाडांची गणना व्हायला हवी. त्या गणनेत या 19 झाडांच्या नोंदी काय आहेत ते मागा आणि अहवालाशी ताडून पाहा. इथेच बरेचदा गफलत सापडते.

आता ‘एकाला दहा’. तुमच्या विद्यार्थ्याच्या मनात खोट आहे असं मला वाटत नाही. त्याला खरंच वाटतं की दहा म्हणजे एकाच्या दहापट. तुम्ही त्याला गणित घालून दाखवा, तुम्ही त्याचे सर आहात. निंबाच्या फांद्यांचा घेरा दहा मीटर व्यासाचा धरला तर खाली साधारण 78 चौरस मीटर सावली पडते. कायदा मागतो तसलं सहा फुटी रोप लावलं आणि त्याचा घेरा एक मीटरचा धरला, तर सावली जेमतेम पाऊण चौरस मीटर. दहा रोपांची मिळून आठसुद्धा भरत नाही. वयाप्रमाणे 40 लावली आणि चाळीसही जगली तरी 31. आणि ती कुठे लागणार? शहराबाहेरच्या टेकडीवर, नाहीतर कचरा डेपोच्या कडेला, कारण शहरात जागा नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या वर जातो. बसस्थानकावर उभ्या असलेल्या बाईला त्या टेकडीचा उपयोग काय? म्हणून संख्येत भरपाई मागू नका. सावलीत मागा, आणि त्याच रस्त्यावर मागा. ज्या झाडांच्या जाण्याला इलाज नाही, त्यांच्या बदल्यातली पहिली झाडं त्याच रस्त्याच्या कडेला, खड्डे नव्या फूटपाथच्या नकाशातच आखून. उरलेली बाहेर लावा.

कोणती लावायची, हेही ठरावात यावं. ‘विविध प्रजाती’ असं मोघम लिहिलं की कंत्राटदार जी नर्सरीत स्वस्त असतील ती आणतो. दुभाजकात दिसणारी ती गडद हिरवी कोनोकार्पस कृपा करून नको. गुजरातनं 2023 मध्ये तिच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्या मातीत रुजलेली झाडं घ्या. रुंद जागेत निंब, करंज, चिंच. तारांखाली बहावा, कांचन. आणि एखाद्या ठिकाणी अंजन लावा, सर. खान्देशच्या उघड्या डोंगरांवर तग धरणारं हे झाड शहरातल्या पोरांनी पाहिलेलंच नाही. हळू वाढतं, पण वाढतं. खड्डा तीन फुटांचा, पाऊस लागल्यावर लावायचं, आणि तीन उन्हाळे पाणी. ठिबकचं माहेरघर म्हणून आपण मिरवतो, मग रस्त्याच्या झाडांना एक नळी टाकायला काय जातं? नळी चोरीला जाते असं म्हणतील. मग मडकं पुरा, आठवड्यातून दोनदा भरा. लोखंडी जाळी लावली तर ती कधी काढायची तेही लिहा. बुंध्यात रुतलेल्या जाळ्या मी इतक्या पाहिल्या आहेत की बघवत नाही.

पैशाचं कलम सगळ्यात आधी वाचा. कायद्यानं सात वर्षं निगा राखायची आहे. तो खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकात आजच धरला नाही तर पुढे कुणाच्याच खिशात तो नसतो. कंत्राटदाराची अनामत लावलेल्या झाडांवर परत करू नका, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत असलेल्या झाडांवर करा. एवढं एक वाक्य तुम्ही ठरावात घालून घेतलंत तर एरवीच्या दहा भाषणांपेक्षा जास्त झाडं जगतील.

पुनर्रोपणाचं कुणी सुचवलं तर हुरळून जाऊ नका आणि झिडकारूही नका. वड-पिंपळ-उंबराच्या जातीची झाडं उचलून लावली तर बऱ्यापैकी धरतात. जुना निंब आणि चिंच यांचं अवघड असतं. आधी काही आठवडे मुळं टप्प्याटप्प्यानं तोडून तयारी केली नाही, एका रात्रीत क्रेननं उचललं, तर ते पाडण्याचाच महागडा प्रकार होतो.

या सगळ्यानंतर 19 पैकी काही झाडं जातीलच. पाच रेन ट्रींबद्दल मी तुमच्याइतकी हळवी होणार नाही, त्यांच्या फांद्या ठिसूळ असतात आणि शाळेजवळ त्यांची वेळेवर छाटणी लागते. दोन चिंचांसाठी मात्र मी शेवटपर्यंत भांडेन. तुमचा क्रम वेगळा असू शकेल. पण सभेत तुम्ही “माझा विरोध आहे” एवढं म्हणून बसू नका. “3, 7, 8 आणि 14 नंबरच्या झाडांना मान्यता, 11 नंबरची फांदी काढावी, 1, 2, 5 आणि दोन्ही चिंचांसाठी गटाराची रेषा सरकवावी, त्याचा नकाशा जोडला आहे” असं लेखी द्या. असा कागद बाजूला सारणं कुणालाही कठीण जातं. तरीही बहुमतानं वेगळं ठरलं, तर तुमचं भिन्न मत कारणांसह इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून मगच कायम करा. उद्या कुणी न्यायालयात गेलं तर तुमची ती अर्ध्या पानाची नोंद फार मोठी होते.

विषयपत्रिका आधी आठवडाभर मिळावी, आणि एका सभेत एवढे प्रस्ताव नकोत, अशी मागणीही आत्ताच करून ठेवा. तासात 34 प्रस्ताव म्हणजे एका प्रस्तावाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत.

राजीनाम्याबद्दल फार लिहीत नाही. त्या मुलांचा राग मला समजतो आणि आवडतोही, पण बाहेर ओरडणारे त्यांच्याकडे आहेत. आत बसून नकाशा वाचणारा माणूस त्यांच्याकडे नाही. त्यांना सोबत घ्या, सकाळच्या पाहणीला बोलवा. घेर मोजायला, फोटो काढायला, जुनी नोंद माहितीच्या अधिकारात मागवायला त्यांच्यासारखे हात मिळणार नाहीत. तुम्हाला खोटा अहवाल मान्य करायला भाग पाडलं जातंय असं कधी वाटलं, तर त्या दिवशी राजीनामा द्या आणि कारण लिहून द्या. आत्ता दिलात तर तो रागाचा असेल, आणि मार्चच्या सभेत तुमची खुर्ची तेवढी रिकामी राहील. वहिनींना सांगा, वैर होईल अशी भीती वाटते खरी, पण नकाशावर बोट ठेवून बोलणाऱ्याशी माणसं सहसा वैर धरत नाहीत. तुमचा अभियंता तर धरणार नाही. त्याला त्याच्या साहेबांपुढे ठेवायला एखादं चांगलं कारण हवं असेल, ते तुम्ही द्या.

ज्यांच्या दारातल्या झाडावर नोटीस लागली आहे, अशा वाचकांसाठी इथेच दोन शब्द. नोटिशीचा फोटो तारखेसह काढा. हरकत एका पानाची लिहा, पण तीत भावनेबरोबर घेर, वय, फोटो आणि पर्याय असू द्या. पोच घ्या. सुनावणी मागा. शेजाऱ्याला झाडाचा खरोखर त्रास होत असेल, गटार तुंबत असेल, तर तो त्रास हरकतीत आधी कबूल करा आणि छाटणीची मागणी दोघांनी मिळून करा. नोटीस न लावता करवत आली, तर परवानगीचा कागद पाहायला मागा आणि त्याची तारीख पाहा.

शेवटी आजी. तुम्ही त्यांचा रस्ता सोडला आहे, पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य ते. त्यांच्याकडे जा. रोप घेऊन जाऊ नका, कुणाला फोटो काढायला नेऊ नका. “हो आजी, सही माझी पण होती, आणि मी झाड पाहिलं नव्हतं” एवढं सांगा. त्या बोलतील किंवा बोलणार नाहीत.

आणि तिथे गेलात की खाली वाकून तो खुंट नीट पाहा. निंब कापला तरी सहजी मरत नाही, बुंध्यातून फुटतो. कार्तिकात कापला असेल आणि मुळं खणून काढली नसतील, तर या चैत्रापर्यंत त्याला धुमारे आलेले दिसतील. खाली जमिनीलगतचा, जोमदार असा एक ठेवा, बाकीचे काढा, भोवती काटेरी फांद्या लावा. खालचं मूळ जुन्या झाडाचं आहे, नर्सरीतलं कुठलंच रोप त्याच्या वेगानं वाढणार नाही. फक्त त्या गल्लीत पेव्हर ब्लॉकचं काम निघालंय का ते आधी विचारा. निघालं असेल, तर मार्चच्या सभेची वाट पाहू नका, उद्याच जा.